बाटली हलवून घ्या

भामरे मॅडमनी चार बाटल्यांची लेबलं
ब्लेडनं खरवडली,
वर चिकटपट्टी, त्यावर पेनानं: अ, ब, क, ड.
म्हणाल्या, आता कंपनी नाही,
आता फक्त पोट.

मी ब्युरेट धुतली. आधी नळाच्या पाण्यानं,
मग जे भरायचं त्यानंच.
एकतीस वर्षं धुतोय अमळनेरच्या या कॉलेजात.
आम्लाचा हिशेब माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही:
बाहेरचा, शर्टाला पडलेल्या भोकांचा,
आणि आतला, रात्री दोनचा,
उशी भिंतीला टेकवून बसल्याचा.

दर्शना बडगुजर. बारावी सायन्स.
बापाचा चोपडा रस्त्यावर ढाबा.
तिची वही उघडली की
आधी काळ्या मसाल्याचा वास, मग समीकरणं.
तीन बाटल्या सीलबंद.
अ गुलाबी, म्हणजे जिंकल्याचा रंग लावूनच आलेली.
ब पुदिन्याची. क सरकारी दवाखान्यातली, चव नसलेली.
ड तिनं घरून आणली, अर्धी,
झाकणावर तेलकट अंगठा.

सोमवारी एक मिली औषध,
पंचवीस मिली आम्ल,
फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब,
खाली पांढरी फरशी, न्हाणीघरातली उरलेली.
मग वरून अल्कली, थेंब, थेंब,
मारायचं राहिलेलं आम्ल मोजत.
जितकी कमी लागेल तितकं औषध भारी.
ढगाळ पाण्यात गुलाबी उमटायला वेळ लागतो.
डोळा रेषेच्या समोर धरावा लागतो,
गुडघे वाकवून, कुणाची माफी मागत असल्यासारखं.

ड उतरतच राहिली.
वीस. एकवीस. बावीस पूर्णांक आठ.
म्हणजे बाटलीत औषध नव्हतंच जवळपास,
बडीशेपेचं पाणी होतं.
दर्शना म्हणाली, "पप्पा चार वेळा घेतात दिवसातून."
आणखी काही म्हणाली नाही.
आकडा मात्र नीट लिहिला, दशांशासकट.

संध्याकाळी आवरताना
मी ड उजेडात धरली.
तळाला दोन बोटं जाड पांढरा थर,
रंगाऱ्याच्या डब्यात बसतो तसा.
वर नितळ.
बाप निवळी पीत होता.
आणि चुना दर महिन्याला
बाटलीसकट उकिरड्यावर.

गुरुवारी सगळं पुन्हा.
या वेळी मी एकेक बाटली हलवून दिली,
मनगट दुखेपर्यंत.
क ला लागली चार पूर्णांक चार.
ड ला एक पूर्णांक तीन.
पोरं ओरडली, ड जिंकली!
मॅडम म्हणाल्या, नाही.
वरचं पिऊन झाल्यावर तळाला जे साचलं
त्याचा हा आकडा. कंपनीचा नव्हे.
दर्शनानं शेऱ्यात लिहिलं,
'नमुना क्रमांक ड: वापरणाऱ्याची चूक.'
मग 'चूक' खोडलं.
तिथं 'सवय' लिहिलं.

शनिवारी मी सायकल काढली.
ढाब्यावर शेवभाजी उकळत होती, तर्री लाल.
आत्माराम बडगुजर तळहातावर रस्सा घेऊन
चाखत होता, दर खेपेला, गिऱ्हाईक असो नसो.
मग हात आपसूक फळीकडे, बाटलीकडे.
गल्ल्यावरून पोरगी ओरडली,
"पप्पा, हालाव ना!"
"काय फरक पडस?"
"हालाव."
त्यानं हलवली, झुरळ मारावं तशी.
एक घोट. तोंड वाकडं.
"हाऊ चुना शे का?"
"हो," ती म्हणाली, आणि सुटे पैसे मोजू लागली.

माझी भाकरी आली. मी कुस्करली.
जेवण झाल्यावर
खिशातली माझी बाटली काढली,
सवयीनं झाकण फिरवलं,
मग थांबलो.
पुन्हा बंद करून उजेडात धरली.
थर नव्हता.
चोपडा रस्त्याच्या खड्ड्यांनी
माझ्या आधीच
काम केलं होतं.